न पाळलेलं सुतक

फार जुनी गोष्ट आहे. एका खेड्यात एक बुरडीण राहायची. नवरा लवकर गेला. बाईनं बांबू चिरून, सुपं-टोपल्या विणून एकुलत्या एक लेकीला वाढवलं. लेकीचं नाव ठकू. त्यांच्याच जातीतला एक मुलगा शिकून राजाच्या कचेरीत कारकून झाला होता. त्यानं ठकूला मागणी घातली आणि आईला आभाळ ठेंगणं झालं.

राजधानीत कारकुनांची वेगळी आळी होती. तिथल्या बायकांचा तोरा काय सांगावा! कोणाच्या माहेरी किती गडीमाणसं, कोणाचा भाऊ कुठल्या हुद्द्यावर, दिवसभर हेच चालायचं. सासरी ठकूची मंदाकिनी झाली होती. मी मात्र तिला ठकूच म्हणणार. पहिल्याच आठवड्यात एकीनं तिला विचारलं, "तुमचं माहेर कुठलं हो?"

खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण ठकू म्हणाली, "आईवडील मी लहान असतानाच गेले. सावकार मामानं वाढवलं मला."

जिवंत आईला बयेनं बसल्या जागी मारून टाकलं! नवऱ्यानं ऐकलं आणि तोही गप्प बसला. त्यालाही ते सोयीचंच होतं.

वर्षभरानं लेकीच्या ओढीनं आई दोन दिवस चालत राजधानीत आली. डोक्यावर नव्या सुपांची चळत. दारातूनच तिनं हाक मारली, "ठके, अगं ठके!"

आत आळीतल्या बायका बसल्या होत्या. "ही कोण गं बाई?" एकीनं नाक मुरडत विचारलं.

"आमच्या गावची सुपं विकणारी," ठकू म्हणाली. "मी लहान होते तेव्हापासूनची, म्हणून अगंतुगं करते."

आईनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग बायकांकडे वळून म्हणाली, "होय बायांनो, सुपं विकते मी."

बायकांनी सुपं उलटीपालटी करून पाहिली, वीण सैल आहे म्हणाल्या. म्हातारीला मागच्या अंगणात जेवायला वाढलं. ठकू हळूच तिथं गेली. "आई, रागावू नकोस गं. मला या लोकांत राहायचंय."

"राहा बाई सुखात," आई म्हणाली. "मी नाही यायची आता." आणि खरंच ती पुन्हा आली नाही. ठकूला वाटलं, सुटले एकदाची.

दोन वर्षं गेली. चैत्र आला, ठकूच्या घरी हळदीकुंकू होतं. घर बायकांनी भरलेलं. तेवढ्यात गावाकडचा एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला.

"बाई," तो अडखळत म्हणाला, "आमच्या गावची बुरडीण परवा गेली. तुम्हाला तेवढं कळवायला सांगितलं होतं तिनं." मरतानाही त्या माउलीनं त्याला शपथ घातली होती, चारचौघांत आई म्हणून माझं नाव काढायचं नाही.

ठकूचे डोळे भरून आले.

"अगंबाई, मंदाकिनीबाई, रडता काय? एका सुपवालीसाठी?" बायका हसल्या. "आटपा लवकर, आम्हाला अजून चार घरी जायचंय."

आई गेली की लग्न झालेल्या लेकीलाही तीन दिवसांचं सुतक असतं. तेवढे दिवस शुभकार्याला तिनं हात लावायचा नसतो. म्हातारा दारातून तिच्याकडे बघत राहिला. ठकूनं डोळे पुसले आणि पुढं आलेल्या एकेका कपाळाला कुंकू लावत गेली. पन्हं दिलं, आंब्याची डाळ वाढली. डाळ झकास झालीय, असं कोणीतरी म्हणालं. म्हातारा पाण्याचा घोटही न घेता निघून गेला.

आईसाठी रडायचं, तर ती परवापर्यंत जिवंत होती हे आधी सांगावं लागलं असतं. तेवढी छाती ठकूला त्या दिवशीही झाली नाही.

तात्पर्य कडू आहे, पण ऐका: चार लोकांत मिरवण्यासाठी जो आपल्या माणसाला नाकारतो, त्याला त्या माणसासाठी चार लोकांत रडताही येत नाही.