अंबादासच्या फटफटीचा सायलेन्सर

विषय : जुन्या मोटरसायकलला घरच्या घरी बाहेरचा सायलेन्सर बसविणेबाबत.
संदर्भ : सासऱ्यांनी दिलेली तोंडी ताकीद.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगण्यात येते की, करंजवडी नावाच्या गावात अंबादास नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. कुणी काही सांगितलं की तो ते ऐकायचा. एवढाच त्याचा दोष.

त्याची फटफटी सासऱ्यांनी दिलेली होती. बायको शालन शेजारच्या गावी अंगणवाडीत शिकवायची आणि अंबादास तिची रोज ने-आण करायचा. पुढे फटफटीच्या सायलेन्सरला भोक पडलं. ती सुरू झाली की आळीतल्या म्हशी दूध चोरायच्या. तक्रारी सासऱ्यांपर्यंत गेल्या. दगडूतात्या येऊन म्हणाले, "जावईबापू, येत्या शनिवारी पुन्हा येतो. गाडी धड दिसली नाही, तर गाडी घेऊन जाईन आणि पोरगीही."

अंबादासचा दोघींवर जीव होता. कुणावर जास्त, ते विचारू नये.

बुधवारी तो तालुक्याला गफूरभाईच्या गॅरेजात गेला. गफूरभाईने एक चकचकीत सायलेन्सर काढून दिला. "कंपनीचा नाही, पण आवाज दमदार आहे. मला आज वेळ नाही. दोन नट आणि एक बोल्ट, घरीच बसव."

घरी येऊन गाडी उभी केली आणि अंबादासने जुना सायलेन्सर दोन्ही हातांनी धरला. गाडी बारा मैल पळून आली होती. त्याची बोंब वेशीपर्यंत गेली.

शालन म्हणाली, "अहो, तापलेल्या वस्तूला कुणी हात लावतं का? गार होईपर्यंत थांबायचं!"

"बरं," अंबादास म्हणाला.

संध्याकाळी शालन चुलीवर दूध ठेवून शेजारी गेली. "लक्ष ठेवा," म्हणाली. अंबादासने लक्ष ठेवलं. दूध तापलं, वर आलं, काठावर आलं, चुलीत गेलं. तो हाताची घडी घालून पातेलं गार व्हायची वाट पाहत होता.

"अहो, हे काय!" शालन दारातूनच ओरडली. "दूध उतू गेलं तरी बघत बसलात? अशा वेळी वाट बघायची नसते. झटका मारायचा आणि मोकळं व्हायचं!"

"हे आधी सांगायचंस," अंबादास म्हणाला.

गुरुवारी सकाळी इंजिनाच्या तोंडाशी पाना लावला. नट गंजलेला. अंबादासने वाट पाहिली नाही. झटका मारला आणि मोकळा झाला. नट हातात आला, आणि ज्या आट्याच्या दांडीवर तो बसला होता ती दांडीही निम्मी हातात आली.

फोन गेला. गफूरभाई पाने घेऊन आला, बघून कपाळाला हात लावला. तुटका तुकडा काढून नवीन बसवून दुसरा नट सोडवेपर्यंत दुपार झाली.

"लेका, गंजलेल्याला झटका देतात व्हय? मागचा बोल्ट पण गंजलाय. त्याला आधी तेल सोड. सढळ हातानं सोड. मग बघ कसा लोण्यासारखा फिरतो."

एवढं सांगून गफूरभाई गेला. अंबादासने बोल्टला तेल सोडलं. बोल्ट लोण्यासारखा फिरला. जुना सायलेन्सर निघाला, नवा बसला. अंबादासच्या आयुष्यात सांगितल्याप्रमाणे झालेली ही पहिलीच गोष्ट. त्याला तेलाचं फार कौतुक वाटलं.

मग त्याचं लक्ष मागच्या ब्रेककडे गेलं. तोही गंजलेला होता आणि कुरकुरायचा. अंबादासने ब्रेक उघडला आणि आत सढळ हाताने तेल सोडलं. नव्या सायलेन्सरने पुढेमागे गंजू नये म्हणून उरलेला डबा त्याच्यावर ओतला.

शुक्रवारी तो गाडी चालवून बघायला गावात निघाला. आवाज खरंच दमदार होता. देवळावरची कबुतरं उडाली ती दुसऱ्या गावी जाऊन बसली. चौकीजवळ उतार आहे. अंबादासने ब्रेक दाबला. तोही लोण्यासारखा फिरला. गाडी चौकीपुढच्या वाळूच्या ढिगात शिरली आणि तिथे चहा पीत उभे असलेले घोरपडे हवालदार ढिगापलीकडे गेले.

ते वाळू झटकत परत आले. "हा तोफखाना कुणी बसवला?"

"मीच. घरच्या घरी."

"कुणाला विचारून?"

"सासऱ्यांनी सांगितलं, गाडी धड करा."

"सासरा सरकार आहे का तुझा? हे बघ, काही करायचं असलं की आधी लेखी अर्ज द्यायचा. परवानगी आली की करायचं. परवानगी येईस्तोवर कशाला हात लावायचा नाही. काय समजलास?"

"समजलो," अंबादास म्हणाला. आणि तो खरंच समजला होता.

पाय घासत घासत त्याने गाडी घरी आणली आणि अंगणात कडब्याला टेकवून उभी केली. सायलेन्सर तापलेला. वर डबाभर तेल. आधी धूर आला, मग कडबा पेटला.

"अहो, आग!" शालन ओरडली. "बादली घ्या, पाणी ओता!"

अंबादासने घरातली एकुलती एक बादली उचलली, हौदात बुडवून काठोकाठ भरली, पेटलेल्या गाडीपर्यंत धावत आला. आणि थांबला.

"ओता ना!"

"शालन, घाई करू नकोस. मी आलोच."

तो बादलीसकट ग्रामपंचायतीत गेला. एक थेंब सांडू दिला नाही. कारकून सोनटक्के टेबलाशी होते. त्यांनी कागद दिला. अंबादासने अक्षर चांगलं काढून अर्ज लिहिला : 'अर्जदाराच्या अंगणात लागलेली आग विझविण्यास परवानगी मिळणेबाबत. सोबत : पाण्याने भरलेली बादली, नग एक.'

सोनटक्क्यांनी अर्ज वाचला. "आग कधीपासून आहे?"

"आत्ताच लागली."

"मग वेळ घाला. आणि बादलीवर नाव घाला, इथे फार बादल्या आहेत."

अंबादासने दोन्ही घातलं. सोनटक्क्यांनी शिक्का मारला, आवक नंबर टाकला, बादली कपाटाशेजारी ठेवली. "ग्रामसेवक साहेब मीटिंगला गेलेत. सोमवारी या."

तोवर शेजारी हंडे-कळशा आणून पाणी ओतत होते. अंबादास परत येऊन, "थांबा, अर्ज टाकलाय!" असं प्रत्येकाला सांगत होता. घर वाचलं, फटफटी मात्र राहिली नाही.

शनिवारी तात्या आले. अंगणातल्या काळ्या सांगाड्याभोवती त्यांनी एक फेरी मारली. गाडी नेण्यासारखी उरली नव्हती, म्हणून शालनला एकटीलाच घेऊन गेले. अंबादास वाटेत आडवा आला नाही. शालनला परत आणण्यासाठी त्याने सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीत दुसरा अर्ज दिला. पण पहिला निकाली निघाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, असं सोनटक्क्यांनी सांगितलं, आणि पहिल्यावर ग्रामसेवकांचा शेरा पडला आहे : 'आग प्रत्यक्ष पाहून अहवाल सादर करावा.'

अर्ज प्रलंबित आहे.