साकव खांद्यावर घेणारी आवडी

आषाढातला सोमवार होता. सूर्य उगवून बरोबर चार घटका झाल्या होत्या, आणि त्याच घटकेला कातळसुऱ्याचा साकव मोडला. फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा गावच्या वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, दगडी पूल नव्हता. पाण्यात लाकडाचे खांब रोवायचे, त्यांच्यावर ओंडके टाकायचे, धरायला बाजूने एक बांबू बांधायचा, की झाला साकव. त्या दिवशी आवडीचा नवरा त्यावरून पलीकडच्या शेतावर निघाला होता. मधला खांब पाण्याच्या रेषेशी कुजलेला होता. तो कडाडून मोडलासुद्धा नाही. भिजलेल्या भाकरीसारखा नुसता खाली बसला. ओंडके गेले, माणूस गेला. आवडी काठावर उभी होती आणि तिच्या काखेत शेवंती होती, अजून अंगावर पिणारी.

त्या दिवसापासून आवडीच्या जिवाला घोर लागला. घर अलीकडे, शेत पलीकडे. पावसाळा सरल्यावर गावाने नवा साकव घातला, पण पोरीला घेऊन त्यावर पाय ठेवला की पलीकडे पोचेपर्यंत तिचा श्वास अडकायचा. रात्री झोपेत ती पोरीचा पाय मुठीत धरून ठेवायची.

आवडीचं माहेर समुद्राच्या कडेला होतं. तिच्या बापाच्या तरुणपणी तिथे एक परदेशी गलबत फुटलं होतं आणि त्यातले देवदाराचे सोट वाळूत रुतून बसले होते. चिकट, राळेने भरलेलं लाकूड ते. बाप त्याच्या ढलप्या काढायचा, मडक्यात भरायचा, मडक्याच्या बुडाला भोक पाडायचा. खाली जमिनीत दुसरं मडकं पुरायचं, सांध्याला माती लिंपायची आणि वरच्या मडक्याभोवती गोवऱ्या पेटवायच्या. लाकूड आत घामाघूम व्हायचं आणि खालच्या मडक्यात थेंब थेंब काळं तेल उतरायचं. तेच होड्यांना लावायचं. ते लावलेली होडी बापानंतरही पाण्यात राहते, असं म्हणतात.

आवडी माहेरी गेली आणि डोक्यावर ढलप्यांचा भारा घेऊन चालत परत आली. मग देवळापुढे गाव बसलेलं असताना ती जाऊन उभी राहिली.

"साकवाला काळं तेल लावूया. मी काढून देते. गावाने फक्त गोवऱ्या द्याव्यात."

तातोबा गावकराने पान थुंकलं. गावाचा कारभार त्याच्या शब्दावर चालायचा. "तेल तुझं चालेल गो, हात तुझा नको. ह्याच वहाळाने तुझं कुंकू नेलं. आता तूच साकवाला हात लावणार? सवाष्णी लावतील. चांगला मुहूर्त बघून लावतील."

आवडीने मान हलवली. पोरगी सुखरूप पलीकडे जाते ना, मग हात कुणाचा का असेना.

चैत्रातला मुहूर्त निघाला. तिने बायांना शिकवलं, "लाकूड उन्हाने तापलेलं हवं. तेल कोमट हवं. हात पातळ द्यायचा आणि जास्तीचं चिंधीने पुसून घ्यायचं. जिथे लाकूड कापलंय ना, तिथे ते जास्त पितं, तिथे परत परत द्यायचं." बायांनी ऐकून घेतलं.

आणि मुहूर्ताच्या आदल्या दिवशी वळीव कोसळला.

सकाळी आवडी सगळ्यांच्या आधी वहाळावर गेली. खांबाला हात लावायची तिला बंदी होती, म्हणून तिने गाल लावला. लाकूड गार होतं, आतपर्यंत गार. तेवढ्यात नव्या लुगड्यांतल्या, गजरे माळलेल्या बाया आल्या.

"काय गो आवडे, खांबाला ताप आलाय काय?" एकीने विचारलं आणि सगळ्या हसल्या.

"ताप असता तर बरं होतं," आवडी म्हणाली. "आत पाणी आहे गो. आज लावलंत तर ते आतच कोंडेल. थोडी उन्हं खाऊ दे त्याला."

गावकर म्हणाला, "ह्याच्यानंतरचा मुहूर्त पार पावसाच्या पलीकडे आहे. तुझ्या खांबासाठी ग्रह थांबायचे नाहीत."

बायांनी तेल लावलं, तेही घावनावर तूप घालावं तसं सढळ हाताने. साकव असा दिसायला लागला की विचारू नका. पिकल्या जांभळाचा रंग आणि वर झळाळी. दोन्ही काठांवर नारळ फुटले. आवडी पोरीला छातीशी धरून लांब उभी होती. तिला कुणी खोबऱ्याचा तुकडासुद्धा दिला नाही.

त्या दिवसापासून आवडी साकवावरून गेली नाही. पोरीला खांद्यावर घेऊन ती खालून पाण्यातून जायची. वरून बाया म्हणायच्या, "बघा गो, तेल हिचं आणि पाण्यातून जाते ही!" जाता जाता ती मधल्या खांबावर काठीने ठोकायची. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आवाज बदलला. ती गावकराच्या अंगणात गेली.

"खांब ढब्ब वाजतो."

"नख तरी रुततं का त्यात?" गावकराने विचारलं. नख रुतत नव्हतं. बाहेरून तो दगडासारखा होता. गावकर म्हणाला, "मग जा घरी. अपशकुनी बोलू नको."

मग तो दिवस आला. पलीकडच्या शेतांत लावणी चालली होती. साऱ्या बाया तिकडे होत्या आणि त्यांची पोरंबाळंही तिकडेच होती. डोंगराकडे ढग फुटला आणि वहाळाला तांबडं पाणी आलं. बाया पोरं उचलून साकवाकडे धावल्या. पाण्यातून जाणं आता कुणालाच शक्य नव्हतं, आवडीलाही नाही. आणि तिला दिसलं, मधला खांब कलत होता.

तिने शेवंतीला गावकराच्या सुनेच्या, यमुनेच्या कडेवर दिलं. "हिला आधी ने. मागे बघू नको."

आणि ती पाण्यात उतरली. बांबूला धरून खांबापाशी गेली आणि जिथे हात लावायची बंदी होती तिथे तिने खांदा लावला.

पाणी तिच्या छातीपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं, मग डोक्यावरून गेलं. साकव हलला नाही. आणि म्हणतात की पाण्याखालून तिचा आवाज येत होता, "गेली का गो शेवंती?"

जी बाई साकवावर असेल ती म्हणायची, "गेली गो, गेली."

पुढची बाई आली की परत तेच, "गेली का गो शेवंती?"

"गेली."

एकेक करून सगळ्या पार झाल्या. शेवटची म्हातारी काठाला लागली, तेव्हा पाण्याखालून पुन्हा एकदा प्रश्न आला. पण साकवावर उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं. काठावरच्या बाया ओरडल्या, पण पुराच्या आवाजात त्यांचं ओरडणं खालपर्यंत पोचलं की नाही, कुणास ठाऊक. साकव बसला.

पूर ओसरल्यावर खांब खाली भाटीत, काठच्या गाळात, सापडला. बाहेर तेलाचं नुसतं कवच होतं, आत ओला भुसा. फक्त तिचा खांदा टेकला होता तेवढं लाकूड धडधाकट होतं. कोयता मारला तर कोयत्याची धार गेली, असं म्हणतात. आवडी सापडली नाही.

तातोबा गावकर म्हणाला, "मुहूर्त चांगलाच होता. एकही सवाष्ण गेली नाही."

आणि हे ऐकून कुणी काही बोललं नाही. ते न बोलणं आजही गावाला लागतं.

शेवंतीला गावाने पाळीपाळीने जेवू घातलं. बाया तिला सांगायच्या, "तुझी आय देवी झाली गो." ती विचारायची, "मग माझी वेणी कोण घालणार?"

म्हणतात, पुढे कित्येक वर्षं तिथे साकव टिकेचना. सवाष्णींनी मुहूर्तावर तेल लावायचं आणि संध्याकाळपर्यंत खांबांनी ते ओकून टाकायचं, वहाळ काळा व्हायचा. शेवटी एका कडक दुपारी, पंचांग न बघता, गावातल्या विधवा बाया उठल्या. त्यांनी आधी लाकडाला गाल लावला. गाल भाजला तेव्हा त्यांनी तेल लावलं. तो साकव टिकला.

तेव्हापासून कातळसुऱ्यात साकवाला मुहूर्त नाही. पहिला हात विधवेचा. आणि लेकरू कडेवर घेऊन कुणीही बाई पलीकडे पोचली की खाली वाकून पाण्याला मोठ्याने सांगते, "गेली गो आवडे, गेली." लेकरू मुलगा असला तरी असंच म्हणायचं. सांगितलं नाही तर ती विचारत राहते.

तर बायांनो, तुमच्या गावचा साकव, होडी, गोठ्याचे खांब, जे काही पावसात उभं असेल, त्याला ओलं असताना तेल लावू देऊ नका, मग सांगणारा कितीही मोठा असो. आधी गाल लावून बघा. आणि हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना, लेकुरवाळ्या बायांना तर आधी, एवढं तुमच्या तोंडून सांगा.