बिनकासवाचे बेट

एका राज्यात एके दिवशी सगळ्या चुली विझल्या. चकमक झाडावी तर ठिणगी पडेना, लोहाराचा भाता फुकट हाले, स्मशानात सरण पेटेना. माणसे कच्चे धान्य भिजवून खाऊ लागली. राजाने मांत्रिकाला बोलावले. मांत्रिक म्हणाला, हा कासवबेटाचा शाप आहे. ज्या हातांनी शेवटचे कासव रांधले, त्याच हातांनी उतारा आणावा.

ते हात दर्याबाईचे होते. ती राजाच्या मुदपाकखान्यातली थोरली स्वयंपाकीण. त्या बेटावरची कासवे रानात चरणारी, वासराएवढी, माणसाला न भिणारी. ताटासाठी आणि दिव्याच्या तेलासाठी ती गलबते भरभरून येत. मग एकदा गलबतातून एकच कासव उतरले. तेही तिने रांधले.

दर्याबाई होडीने बेटावर पोचली. कवचांच्या राशीवर समुद्रावरची एक म्हातारी कुरव बसली होती. ती पक्षीण माणसासारखे बोले. तिने तीन कामे सांगितली.

कासवांच्या वाटा काट्यांनी बुजल्या होत्या. त्या रांगत मोकळ्या करायच्या. दर्याबाई सात दिवस रांगली. गुडघे सोलवटले. दुसरे काम बियांचे. कासवाच्या पोटातून गेल्यावाचून तिथल्या रानफळांच्या बिया रुजत नसत. तिने त्यांची टणक साले दगडावर घासली, बिया पेरल्या, अंकुर येईतो पाणी घातले. घासताना तिला ते शेवटचे कासव आठवे. सुरी पाहूनही त्याने मान आत घेतली नव्हती.

तिसरे काम असे, की राजाने इथे येऊन खरे बोलावे.

निरोप गेला, राजा आला. कवचांपुढे उभा राहून म्हणाला, "ते शेवटचे होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते."

सेवकाने चकमक झाडली. ठिणगी पडली नाही.

राजाला खोटे पाडणाऱ्याचे शिर जाई. दर्याबाई पुढे झाली.

"महाराज, मी सांगितले होते," ती म्हणाली. "ताट वाढण्याआधी सांगितले होते."

राजाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"आणि ठाऊक असून मीच रांधले," ती म्हणाली.

राजाने कवचांकडे पाहिले. मग त्याने मूठ सोडली आणि तो वाळूत खाली बसला.

"सांगितले होतेस. आम्हांस चव हवी होती."

चकमकीतून ठिणगी उडाली. पलतीरावर एकामागून एक चुलींचे धूर चढू लागले.

दर्याबाईने कुरवेला विचारले, आता कासवे परत येतील का.

"नाही," कुरव म्हणाली.

त्या बेटाशी कोणी गलबत नांगरू नये, अशी राजाने दवंडी पिटवली. राज्य थाऱ्यावर आले. मुदपाकखान्यातून दर्याबाईला बोलावणे आले, ती गेली नाही. बिया घासायला तिच्यावाचून दुसरे कोणी नव्हते.

अशी ही कहाणी. चुली पेटल्या, शाप सुटला, बेटावर झाडे वाढली, आणि त्यांच्या सावलीला कोणी आले नाही.