जास्वंदीखालची बशी

रोपं कुंडीत राहायला नुकतीच शिकली होती, तेव्हाची गोष्ट. रोपवाटिकेतल्या एका जास्वंदीच्या पानांच्या कडा करपल्या. "मला खत कमी पडतंय," ती रोज कुरकुरायची.

माळीण गोदाक्कांनी कुंडीखाली बशी ठेवली आणि वरून पाणी ओतलं. खाली झिरपलेलं पाणी बशीनं चाखलं. "खारट आहे, अक्का. हिच्या मुळाशी खत साचलंय. ही उपाशी नाही, हिला अजीर्ण झालंय."

"चुगलखोर मेली," जास्वंद फणकारली.

"आता काही दिवस नुसतं पाणी हं, बाई," म्हणत गोदाक्कांनी मातीतला खार धुऊन काढला. हळूहळू हिरवी पालवी फुटली, मग कळी आली.

फूल उमललं तेव्हा शेजारचा मोगरा म्हणाला, "पहिलं फूल देवाला वाहायचं असतं."

"तेच करतेय," जास्वंद म्हणाली आणि वाकून तिनं ते बशीत सोडलं.