पाचूचा सरडा आणि राजकन्या कुवलया

एका राज्यात, जिथे समुद्र तटबंदीला टेकून निजत असे, रत्नकेतू नावाचा राजा होता. त्याची एकुलती एक कन्या कुवलया. तिच्या वाढदिवशी दुर्मद नावाचा जादूगार दरबारी आला. त्याच्या ओंजळीत पाचूच्या रंगाचा सरडा होता. बोटभर लांब, गळ्यात सोन्याची साखळी.

"दूरदेशीचा आहे. असा दुसऱ्या कुणा राजकन्येकडे नाही."

एवढ्यावर कुवलया भुलली. तिने त्याला आपल्या ताटात जेवू घातले, उशाशी निजवले. सरडा वाढला. हातभर झाला, मग पुरुषभर; गळ्यातली साखळीही त्याच्याबरोबर वाढली. त्याने पिंजरे मोडले, दासीच्या बोटाचा लचका तोडला. तरी दिवसेंदिवस तो मलूलच होत गेला. उन्हाच्या कवडशाला पोट लावून पडून राही.

मग राजा तापाने अंथरुणाला खिळला. पोटात अन्न ठरेना. त्याच्यामागून आचारी, पहारेकरी, सारा राजवाडा आजारला.

राजवैद्य म्हणाले, "राजकन्ये, हे विष सरड्याच्या दातांचे नव्हे. त्याच्या अंगावरून हातावर आले, हातावरून ताटात. औषध मी देईन. पण तो इथे असेतो ताप उतरणार नाही. तसा शापच आहे."

सेनापती म्हणाला, "मारून टाकू."

प्रधान म्हणाला, "तळ्यात सोडू."

तेव्हा खिडकीत बसलेली टिटवी बोलली, "मारू नका, त्याचा अपराध काय? तळ्यात सोडू नका. आमची अंडी तो खाईल आणि त्याला हिवाळा खाईल. त्याला त्याच्या देशी न्या. वाट दुर्मदाला ठाऊक आहे."

कुवलया दुर्मदाकडे गेली. "वाटेचे मोल तुझी वेणी," तो म्हणाला. तिने वेणी कापून दिली. त्याने दक्षिणेचा तांबडा तारा दाखवला.

सरड्याला नावेत घालून ती त्या ताऱ्याच्या दिशेने निघाली. पुढे धुक्याचा समुद्र लागला. नाव गारठली, सरडा दगडासारखा ताठ झाला. कुवलयेने अंगावरची शाल त्याला गुंडाळली आणि स्वतः कुडकुडत वल्ही मारली. ऊब येताच त्याने तिच्या मनगटाला चावा घेतला. ती रडली, पण शाल काढली नाही.

अखेर तापल्या वाळूचे बेट आले. तिथे तिने सरड्याला सोडायला घेतले, पण गळ्यातली साखळी तुटेना. तेव्हा साखळीच बोलली, "खरे बोल, मग सुटेन."

"जा, तू मोकळा आहेस," कुवलया म्हणाली. साखळी हलली नाही.

"माझे तुझ्यावर प्रेम आहे." साखळी अधिकच आवळली.

कुवलया वाळूत बसली. बराच वेळ तिने त्याच्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "तू माझा नव्हतास. कधीच नव्हतास. मला फक्त मिरवायचे होते."

साखळी गळून पडली. सरड्याने तापल्या वाळूला पोट टेकले, मान उंच केली, आणि पाहता पाहता खडकांच्या आड नाहीसा झाला.

त्याच क्षणी इकडे राजाचा ताप उतरला. राजवाड्यात चुली पेटल्या, चौघड्यावर टिपरी पडली. कुवलया परतली तेव्हा राजा उशाला टेकून पेज पीत होता. त्याने तिचे कापलेले केस पाहिले, मनगटावरचा व्रण पाहिला.

"कन्ये, आणि तो?"

"बाबा, त्याने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही."

राजा हसला. "मग तोही बरा झाला म्हणायचा."