खानावळीचा वाघ आणि खरकटी कढई

"मी भांडी घासणार नाही म्हणजे नाही!" सुपरस्टार विश्वप्रताप यांनी घरातसुद्धा गॉगल न काढता जाहीर केलं. "घासणीला माझा हात लागणार नाही. कुणात हिंमत असेल तर लावून दाखवा!"

आता बोला! टीव्हीवरच्या 'आपलं घर, आपली कामं' या कार्यक्रमाचा नियम शाळकरी पोरालाही कळेल इतका सोपा. घरात नोकर नाही, ज्याची पाळी त्याने काम करायचं, आणि भांडी घासून होईपर्यंत स्वयंपाकघरातला गॅस बंद. आज भांड्यांची पाळी विश्वप्रताप साहेबांची. पण साहेबांना नियम कोण सांगणार? आल्या दिवशी त्यांनी खिडकीजवळची खाट बळकावली. ऑम्लेट गार लागलं म्हणून ताट भिरकावलं. कुणी ब्र काढला की एकच पालुपद, "मी कोण आहे, माहीत आहे ना?" माहीत नसायला काय झालं! सकाळ-संध्याकाळ तेच तर सांगत होते.

सकाळपासून चूल पेटली नव्हती. सगळ्यांत हाल आप्पा नगरकरांचे. म्हातारे ढोलकीवाले, त्यात साखरेचा आजार. दुपारपर्यंत बिचाऱ्यांचे हात थरथरायला लागले.

ते पाहून ताराक्काचं डोकं फिरलं. ताराक्का म्हणजे बार्शी डेपोची एसटी कंडक्टर. कार्यक्रमात कुणीतरी साधं माणूस हवं म्हणून आलेली. ती छताकडे तोंड करून ओरडली, "अहो मालक, म्हाताऱ्याला मारता का काय? गॅस सोडा!"

मालक म्हणजे कार्यक्रमाचे सर्वेसर्वा. ते कधी दिसत नसत, त्यांचा आवाज भिंतीतल्या भोंग्यातून येई.

"गॅस सोडतो," भोंगा खाकरला. "पण भांडी विश्वप्रतापनेच घासली पाहिजेत. त्याला हुकूम करायचा नाही, हातापाया पडायचं नाही. जमत असेल तर बघ!"

"बघतेच!" म्हणत ताराक्काने पदर खोचला.

ती मोरीजवळच्या खरकट्या भांड्यांच्या ढिगाऱ्याशेजारी मांडी घालून बसली आणि आप्पांशी मोठमोठ्याने गप्पा मारू लागली.

"आप्पा, 'खानावळीचा वाघ' सिनेमा पाहिलात का हो? त्यात आपले साहेब वेटर शिवा होते. काय भांडी घासलीत त्यात! आमचा डेपोच्या डेपो रडला होता बघा."

आरशासमोर केस बसवणाऱ्या साहेबांनी कान टवकारले. मान डोलावली.

"पण हात दुसऱ्याचे होते म्हणे," ताराक्का म्हणाली. "डुप्लिकेट! तोंड साहेबांचं, हात भाड्याचे."

"कोण म्हणतं?" साहेब तीरासारखे धावत आले. "माझे हात होते ते! मी कधी डुप्लिकेट वापरत नाही!"

"असतील हो. मी कुठे नाही म्हणते? आमच्या डेपोतली माणसं म्हणतात. जाऊ द्या, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!"

"जाऊ द्या कसं? आत्ता दाखवतो!" साहेबांनी बाह्या वर केल्या आणि छतावरच्या कॅमेऱ्याला विचारलं, "माझी डावी बाजू दिसतेय ना? ती जास्त चांगली येते!"

झालं! घासणी हातात घेतली, डोळ्यांत पाणी आणलं, "आई, तुझा शिवा हरणार नाही!" असा हंबरडा फोडला आणि ताट लख्ख केलं.

"ताट ठीक आहे," ताराक्का हळूच म्हणाली. "पण सिनेमात कढई होती. ती डुप्लिकेटने घासली असेल का हो, आप्पा?"

"कढई पण मीच!"

"आणि तवा? तो तर जवळून दाखवला होता."

"तवाही मीच!"

आप्पांनी बोटांनी पालथ्या डब्यावर ठेका धरला. मग काय, साहेबांना आणखी चेव! तवा गेला, पातेली गेली, पळ्या गेल्या, चहाची गाळणीसुद्धा गेली. शेवटची वाटी पालथी पडली आणि भोंगा कडाडला, "भांडी झाली! गॅस चालू!"

घरात एकच जल्लोष झाला. साहेबांनी कोपरापर्यंतच्या फेसाकडे पाहिलं आणि मग कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"थांबा! ही भांडी मी घासलीच नाहीत! तो अभिनय होता. भांडी वेटर शिवाने घासली. मी, विश्वप्रताप, घासणीला शिवलोसुद्धा नाही!"

"तसं म्हटलं तर... मुद्दा आहे," मालक पुटपुटले. गॅस पुन्हा बंद. आप्पांनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. साहेब मात्र गॉगल पुसत हसू लागले.

ताराक्काला असा संताप आला की बस्स! पण आवाज तिने गोड ठेवला.

"साहेबांचं खरं आहे, मालक. अभिनयच तो. मग मला सांगा, शॉट ओके झाला का?"

"म्हणजे?"

"म्हणजे डोळ्यांतलं पाणी जरा उशिरा आलं. 'आई' म्हणताना आवाज चिरकला. कढई तर मनापासून घासलेली वाटलीच नाही. असा शॉट मी ओके करणार नाही!" तिने फेकायला ठेवलेलं, कालच्या नासलेल्या तेलकट रश्श्याचं बादलीएवढं पातेलं उचललं आणि चकचकीत भांड्यांवर तिरकं धरलं. "रिटेक! आणि मनासारखा होईपर्यंत रिटेक! लाइट! कॅमेरा!"

साहेबांनी आपल्या सुरकुतलेल्या बोटांकडे पाहिलं. तेलाच्या तवंगाकडे पाहिलं. पातेलं आणखी तिरकं झालं.

"नको!" साहेब किंचाळले. "मी घासली! मी स्वतः, विश्वप्रतापने!"

"आणि अभिनय?"

"कसला अभिनय? मला अभिनय येतच नाही!"

भोंग्यातून असा हास्याचा गडगडाट झाला की भिंतीवरचं घड्याळ हललं. "अरे, हे सिनेमावाल्यांनी तुला घेण्याआधी त्यांना सांगायचं होतंस ना!" मालक हसता हसता ठसकले. "गॅस सोडा रे! आप्पांचं ताट आधी वाढा! आणि ताराक्का, आजपासून या घराची कारभारीण तू. कुणाला कुठलं काम द्यायचं, ते तू ठरवायचं!"

ताराक्काने पातेलं खाली ठेवलं आणि साहेबांच्या हातात लाटणं दिलं.