‘हिरावती’ची एकमेव नोंद

“मग हे पान कोरंच ठेवू का?”

कमांडर राजाध्यक्षांनी विचारलं. खाडीकाठच्या दर्ग्याच्या ओट्यावर बसून दाऊद तांडेल वाटसरूंसाठी ठेवलेला रांजण घासत होते.

नौदलातल्या एवढ्या मोठ्या साहेबाने एका म्हाताऱ्या खलाशाचा सल्ला घ्यायला बाणकोटपर्यंत यावं, याचं कुणालाही नवल वाटेल. पण दाऊदनी त्यांच्याच ‘हिरावती’ बोटीवर हयात घालवली होती, आणि त्यांच्या शब्दाला कप्तानही मान देत.

‘हिरावती’ भंगारात निघाली होती. तिचा सेवा-इतिहास लिहायचं काम राजाध्यक्षांच्या गळ्यात पडलं होतं, कारण तिच्या रडारच्या पडद्यासमोर अकरा वर्षं त्यांनीच डोळे फोडून घेतले होते.

पूर्वार्ध सोपा होता. मुळात ती मालवाहू, तांदूळ आणि सिमेंट वाहायची. नौदलाने तिला घेतली आणि डोक्यावर रडारची फिरती जाळी बसवली. वरच्या वजनाने ती डुलू लागली, म्हणून रिकाम्या पोटात दगड भरले. बंदरोबंदरी धान्य पोचवणारी बोट मग दगड घेऊन भर समुद्रात जायची, तीन आठवडे तिथेच घिरट्या घालायची, आणि तेच दगड घेऊन परत यायची. शत्रूची विमानं दिसली की किनाऱ्याला कळवायचं, एवढंच तिचं काम.

विमानं आलीच नाहीत.

नोंद करण्याजोगं एकदाच घडलं, आणि तेच राजाध्यक्षांच्या घशात अडकलं होतं. एका सकाळी पडद्यावर ठिपकेच ठिपके उमटले. चाळीस विमानं येताहेत, असं त्यांनी कळवून टाकलं. किनाऱ्यावर भोंगे वाजले, शाळा रिकाम्या झाल्या, आपली विमानं वर गेली.

वैमानिकाने कळवलं, रोहित पक्षी आहेत.

हसणारे महिन्याभरात विसरले. राजाध्यक्ष विसरले नाहीत. ती ओळ लिहिली तर स्वतःच्या हाताने स्वतःची शोभा, आणि गाळली तर अकरा वर्षांचं कोरं पान. कसंही केलं तरी आयुष्य फुकट गेलं असंच दिसणार होतं, आणि त्याचं त्यांना फार दुःख होत होतं.

“खरं सांगू, तांडेल? पक्षी आहेत म्हटल्यावर मला वाईट वाटलं. वाटलं, विमानं असती तर...”



दाऊदनी हातातला काथ्या खाली ठेवला.

“कसे दिसत होते पक्षी?”

“मला काय ठाऊक? मी खाली होतो.”

“वर नाय आलात?”

“कोणत्या तोंडाने येणार होतो?”

...

दाऊद उठून त्यांच्या मागे आले आणि काही न विचारता आपला ओला, गार हात त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. अशी सलगी राजाध्यक्षांना खपत नसे, पण ते हलले नाहीत.

मग दाऊद सावकाश सांगत गेले. त्याच सकाळी थोड्या वेळाने थवा बोटीवरूनच गेला होता. आधी उत्तरेला एक गुलाबी रेघ दिसली. मग माना पुढे, पाय मागे ताणलेले, रांगांमागून रांगा आल्या, आणि इतक्या खालून गेल्या की पंखांची सळसळ डेकवर ऐकू आली. आचारी हातातल्या पळीसकट बाहेर आला. पाण्यावरही त्यांचा रंग पडला होता. शेवटचा पक्षी दिसेनासा झाल्यावरही कुणी जागचं हललं नव्हतं.

राजाध्यक्षांना ते सगळं दिसलं. फिरणारी जाळी दिसली, तिच्यावरून जाणारे पंख दिसले. आणि डेकच्याही खाली, अंधाऱ्या खोलीत मान खाली घालून बसलेला एक तरुण दिसला. त्याला हाक मारावी, वर ये म्हणावं, असं त्यांना फार वाटलं.

दाऊदनी हात काढला. खाडीवर ऊन पसरलं होतं.

“काय लिहू, तांडेल?”

दाऊदनी काथ्या पुन्हा उचलला.

“लिवा, साहेब. अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलो, नि नशिबानं आले ते नुसते पक्षी.”